पत्राला वाट दाखविणारे वेलणकर

बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगररांगेवर, धारूर नावाचे एक जुने गाव आहे. गावालगत सोळाव्या शतकातील भक्कम किल्ला आहे, म्हणून आसपासचे लोक त्याला किल्ले धारूर असे म्हणतात. भोवतालची जमीन खडकाळ आहे. पाऊस बेताचाच पडतो. त्यामुळे दरवर्षी सुगी आटोपली की या भागातील हजारो कुटुंबे ऊसतोडणीच्या कामासाठी घर सोडून दूर पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात. घरी म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी मुले तेवढी मागे राहतात.

आज अशा घरांतही दूरध्वनीवरून क्षणात खुशाली कळते. पण पन्नास-साठ वर्षांपूर्वी तशी सोय नव्हती. दूर गेलेल्या माणसाची खुशाली कळायची ती पोस्टकार्डावरून आणि त्याने पाठविलेले चार पैसे हाती पडायचे ते मनीऑर्डरीने. टपालवाल्याची सायकल वेशीपाशी दिसली की उंबरठ्यावर बसलेल्या आजीचे डोळे तिकडे लागत. पत्र आठ दिवस लांबले तर घरातील जीव टांगणीला लागे. नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे तारीख उलटून गेल्यावर आले, तर एखाद्या तरुणाची संधी कायमची हुके. आजारपणाची बातमी उशिरा पोहोचली, तर मुलाला बापाची शेवटची भेटही होत नसे. पत्राचा पत्ता नीट लागणे ही अशी जिवाभावाची गोष्ट होती.

आणि पत्ता चुकण्यास कारणे तरी किती! धारूर या नावाचेच उदाहरण घ्या. बीड जिल्ह्यातील धारूर हे एकटेच धारूर नाही. आजच्या तेलंगण राज्यात विकाराबाद जिल्ह्यात एक धारूर आहे आणि गदवाल जिल्ह्यात आणखी एक धारूर आहे. नवल असे, की ही तिन्ही गावे एके काळी एकाच हैदराबाद संस्थानात मोडत होती. पाकिटावर नुसते धारूर एवढेच लिहिलेले असले, तर टपाल खात्याने ते कोणत्या धारूरला न्यावे? आपल्या देशात वडगाव, पिंपळगाव, रामपूर अशा नावांची गावे तर जागोजाग आहेत. एका पिंपळगावचे पत्र दुसऱ्या पिंपळगावी जावे, तेथून परत फिरावे आणि अखेर शिक्क्यांनी काळे होऊन मूळ धन्याच्या हाती पडावे, असे सहज घडू शकत असे.

ही अडचण मनावर घेऊन तिच्यावर उपाय योजणाऱ्या एका महाराष्ट्रीय गृहस्थांची ही कथा आहे. त्यांचे नाव श्रीराम भिकाजी वेलणकर. पत्त्याच्या शेवटी आपण जो सहा अंकी पिनकोड लिहितो, त्याचे ते जनक होत.

श्रीराम भिकाजी वेलणकर यांचा जन्म १९१५ साली कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यात झाला. त्या काळचे कोकण म्हणजे डोंगर, खाड्या, आडवळणाच्या वाटा आणि एकमेकांपासून दूर विखुरलेल्या वाड्या. कोकणातील कितीतरी घरांतील कर्ती माणसे मुंबईस चाकरीला असत आणि घरची चूल मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर पेटत असे. धारूरच्या आजीप्रमाणेच कोकणातील आजीही टपालवाल्याची वाट पाहत बसे. असा हा वेलणकरांचा मुलूख होता.

वेलणकरांना संस्कृत भाषेची अतिशय गोडी होती. ही गोडी केवळ परीक्षेपुरती नव्हती. पुढे जन्मभर त्यांनी संस्कृतमध्ये लेखन केले, काव्ये रचली, नाटके लिहिली. अशा मनुष्याने एखाद्या महाविद्यालयात अध्यापक व्हावे, असेच कोणालाही वाटले असते. पण वेलणकर इंग्रजी अमदानीतच टपाल व तार खात्याच्या सेवेत शिरले आणि तेथेच त्यांचे सारे नोकरीचे आयुष्य गेले. दिवसा पत्रे, तारा, थैल्या आणि हिशेब. फावल्या वेळात कालिदास आणि व्याकरण. या दोन्ही गोष्टी त्यांनी सारख्याच निष्ठेने सांभाळल्या.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला, तेव्हा भारतात अवघी २३,३४४ टपाल कार्यालये होती. एवढ्या मोठ्या देशाला ती फारच अपुरी होती. कित्येक खेड्यांतील लोकांना पत्र टाकण्यासाठी किंवा आणण्यासाठी कोसन्‌कोस चालावे लागे. स्वातंत्र्यानंतर सरकारने खेडोपाडी टपाल कार्यालये उघडण्याचे काम झपाट्याने हाती घेतले. काही संस्थानांचे टपाल खाते तोवर निराळे होते. धारूर ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्या संस्थानाची स्वतःची तिकिटे होती आणि स्वतःची डाक होती. १९४८ साली ते संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५० साली त्याचे टपाल भारतीय टपाल खात्यात सामील झाले. अशा रीतीने सारा देश एका टपालाच्या छत्राखाली आला.

टपाल कार्यालये वाढली, शाळा वाढल्या, लिहितावाचता येणारे लोक वाढले, तशी पत्रांची संख्याही वाढली. पण पत्रे वाढली म्हणून पत्र शोधण्याची रीत सुधारली, असे मात्र झाले नाही. ती रीत जुनीच राहिली. ती कशी होती, हे समजल्याशिवाय वेलणकरांच्या कामाचे मोल कळणार नाही.

पेटीत टाकलेले पत्र थेट आपल्या गावी जात नसते. प्रथम ते एका मोठ्या टपाल कार्यालयात जाते. तेथे भिंतीशी लाकडी कप्प्यांची मोठी मांडणी असे. तीसमोर उभा राहून कर्मचारी एकेक पत्र हातात घेई, त्यावरील पत्ता वाची आणि ज्या दिशेला ते जायचे असेल त्या दिशेच्या कप्प्यात टाकी. मग त्या त्या कप्प्यातील पत्रांच्या थैल्या बांधून आगगाडीवर चढवीत. धावत्या गाडीतही हे काम चाले. टपालाच्या डब्यात कंदिलाच्या किंवा दिव्याच्या उजेडात उभे राहून कर्मचारी रात्रभर पत्रे वाचीत आणि कप्प्यांत टाकीत. पुढचे स्थानक येण्याच्या आत त्या स्थानकाची थैली तयार व्हावी लागे. 

हे सारे काम कर्मचाऱ्यांच्या स्मरणशक्तीवर चाले. कोणते गाव कोणत्या तालुक्यात, ते कोणत्या मार्गावर, त्याची थैली कोठे उतरवायची, हे त्यांनी तोंडपाठ केलेले असे. अनुभवी कर्मचाऱ्याला शेकडो गावे पाठ असत. परंतु हजारो गावे कोणाला पाठ असणार? नवा कर्मचारी आला की तो गोंधळून जाई.

त्यात भाषेची अडचण. आपला देश बहुभाषी आहे. १९७० च्या सुमारास आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत १५ भाषा होत्या आणि त्यांच्या लिप्याही नाना प्रकारच्या. धारूरहून गेलेल्या पत्रावर देवनागरीत पत्ता असे. ते मद्रासला पोहोचल्यावर तामीळ वाचणाऱ्याने तो कसा वाचावा? कोलकात्याहून बंगालीत पत्ता लिहिलेले पाकीट मराठवाड्यात आले, तर ते येथील कर्मचाऱ्याला कसे उमगावे? शिवाय कोणाचे अक्षर किरटे, कोणाची शाई पावसात फुटलेली, कोणी जिल्ह्याचे नावच विसरलेला. शहरातील पत्त्याला निदान रस्त्याचे नाव आणि घराचा क्रमांक तरी असे. खेड्यातील पत्त्यावर पुष्कळदा नाव आणि गाव याखेरीज काहीच नसे.

मराठी माणसाने यावर आपली एक युक्ती काढली होती. आजही आपण पत्ता लिहिताना मु. पो. अशी अक्षरे लिहितो. मु. म्हणजे मुक्काम, अर्थात मनुष्य जेथे राहतो ते गाव; आणि पो. म्हणजे पोस्ट, अर्थात त्या गावाचे टपाल जेथे येते ते टपाल कार्यालयाचे गाव. लहान वाडीला किंवा तांड्याला स्वतःचे टपाल कार्यालय नसते. म्हणून मुक्काम एक आणि पोस्ट दुसरे असे लिहावे लागते. त्यापुढे ता. म्हणजे तालुका आणि जि. म्हणजे जिल्हा. ही रीत चांगली होती. पण ती वाचण्यासाठी मराठी यावे लागे आणि वाचणाऱ्याला आपला मुलूख ठाऊक असावा लागे.

वेलणकर टपाल व तार मंडळाचे वरिष्ठ सदस्य आणि केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव या मोठ्या पदापर्यंत चढले. देशाचे सारे टपाल आता त्यांच्या नजरेपुढे होते. बाहेरच्या जगात काय चालले आहे, तेही दिसत होते. जर्मनीने १९४१ सालीच टपालासाठी अंकांचा उपयोग सुरू केला होता. अमेरिकेने १९६३ साली पाच अंकी क्रमांकाची पद्धत आणली होती. आपल्याकडेही मुंबईसारख्या शहराचे टपालासाठी क्रमांकवार विभाग पाडलेले होते. गिरगावचे लोक आपल्या पत्त्यात मुंबई ४ असे लिहीत आणि दादरचे काही लोक मुंबई २८ असे लिहीत. पण ही सोय शहरापुरती होती. ज्या खेड्यांना तिची अधिक गरज होती, त्यांना ती मिळालेली नव्हती.

साऱ्या भारतातील लहानमोठ्या ठिकाणांना लागू पडेल अशी अंकांची एकच पद्धत हवी होती. अंक कोणत्याही भाषेच्या मनुष्याला वाचता येतात. ते लिहिण्यास थोडे आणि वाचण्यास झटपट. शब्दांवर जिवापाड प्रेम करणाऱ्या या संस्कृत कवीने शब्दांची कोंडी अंकांनी सोडविली, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

वेलणकरांच्या पुढाकाराने तयार झालेल्या या योजनेला पोस्टल इंडेक्स नंबर असे इंग्रजी नाव मिळाले. त्यातील तीन शब्दांची पहिली अक्षरे घेऊन पिन हा शब्द झाला आणि लोकांच्या तोंडी पिनकोड हे नाव बसले.

या योजनेतील खुबी आता पाहू. आपण पत्ता लिहितो तेव्हा आधी माणसाचे नाव लिहितो, मग गल्ली, मग गाव, मग तालुका, जिल्हा आणि शेवटी राज्य. म्हणजे आपण लहानाकडून मोठ्याकडे जातो. पण पत्राचा प्रवास याच्या नेमका उलट असतो. त्याला आधी राज्य गाठायचे असते, मग जिल्हा, मग गाव आणि सर्वांत शेवटी माणूस. ज्याला पत्र पुढे धाडायचे आहे, त्याला पत्ता खालून वर वाचावा लागतो. पिनकोडाने हा क्रम सरळ केला. पत्र ज्या क्रमाने प्रवास करते, त्याच क्रमाने त्यात अंक मांडले आहेत.

गणितात तुम्ही स्थानिक किंमत शिकला आहात. तोच अंक शतकाच्या स्थानी असला तर त्याची किंमत निराळी आणि एककाच्या स्थानी असला तर निराळी. पिनकोडातही प्रत्येक अंकाला त्याच्या स्थानाप्रमाणे अर्थ आहे. पहिला अंक देशाचा मोठा विभाग दाखवितो. साऱ्या देशाचे असे आठ भौगोलिक विभाग केलेले आहेत आणि नववा विभाग सैन्याच्या टपालासाठी राखून ठेवला आहे. १ हा अंक दिल्ली, पंजाब, हरियाणा, हिमाचल आणि काश्मीर यांकडील होय. ६ हा तामिळनाडू आणि केरळ यांचा. ७ हा बंगाल, ओडिशा, आसाम आणि पूर्वेकडील इतर राज्यांचा. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि गोवा यांच्या वाट्यास ४ हा अंक आला आहे. दुसरा अंक त्या विभागातील उपविभाग सांगतो. तिसरा अंक मिळविला म्हणजे ज्या ठिकाणी पत्रांची विभागणी होते तो टपाल-जिल्हा कळतो. शेवटचे तीन अंक मिळून, पत्र ज्या टपाल कार्यालयातून वाटले जाते, त्या कार्यालयाची खूण सांगतात.

धारूरचा पिनकोड ४३११२४ असा आहे. समजा, धारूरचा एक तरुण कोलकात्याला नोकरीस आहे आणि त्याने आपल्या आईला पत्र लिहिले आहे. पत्ता मराठीत आहे. कोलकात्यातील कर्मचाऱ्याला मराठी येत नाही आणि बालाघाट कोठे आहे हेही त्याला ठाऊक नाही. तो फक्त पहिला अंक पाहतो. ४ म्हटल्यावर पत्र पश्चिमेकडे, महाराष्ट्राच्या बाजूला निघते. पुढे ४३ हे अंक पाहून ते मराठवाड्याची वाट धरते. मुंबईकडे किंवा विदर्भाकडे भरकटत नाही. ४३१ वाचले की ते बीड, परभणी, जालना या बाजूच्या टपालात पडते. आणि शेवटचे १२४ हे अंक त्याला घाट चढवून नेमके धारूरच्या टपाल कार्यालयात आणून सोडतात. तेलंगणातील दोन्ही धारूरांचे पिनकोड ५ या अंकाने सुरू होतात. तेव्हा पहिल्याच अंकाशी तिन्ही गावांची फारकत होते आणि नावाचा घोटाळा उरत नाही.

१९७२ सालच्या १५ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनी, ही पद्धत भारतात सुरू झाली. तारखेची निवड मोठी सार्थ होती. देशातील प्रत्येक नागरिक सारखा, हे स्वातंत्र्याने सांगितले होते. राजधानीतील मोठ्या अधिकाऱ्याच्या पत्त्यालाही सहा अंक आणि डोंगरावरील गावातील म्हातारीच्या पत्त्यालाही सहाच अंक, हे पिनकोडाने दाखवून दिले.

अर्थात नवी सवय एका दिवसात लागत नाही. ज्याने जन्मभर मु. पो. लिहिले, त्याने आपल्या गावाचे सहा अंक पाठ करावेत आणि पत्र लिहिताना ते आठवणीने घालावेत, यास वेळ लागणारच. पोस्टकार्डांवर आणि आंतर्देशीय पत्रांवर पिनकोडासाठी सहा लहान चौकटी छापण्यात येऊ लागल्या. त्या रिकाम्या चौकटी लिहिणाऱ्याला आठवण करून देत. शाळेत पत्रलेखन शिकविताना गुरुजी पत्त्याखाली पिनकोड लिहून घेऊ लागले. मुंबईकरांना तर फार काही शिकावेच लागले नाही. मुंबई ४ चे ४००००४ झाले आणि मुंबई २८ चे ४०००२८ झाले. जुना क्रमांक नव्या क्रमांकाच्या पोटात सुखरूप राहिला. लोकांची जुनी सवय मोडून न टाकता तिच्यावरच नवी व्यवस्था उभारण्यात शहाणपण असते, ते येथे दिसून येते.

मात्र अंक लिहिताना दक्षता हवी. ४३१ ऐवजी चुकून ४१३ लिहिले, तर बीडकडे जाणारे पत्र सोलापूर, लातूर, धाराशिव यांच्या बाजूला जाईल. अंकांची अदलाबदल म्हणजे गावांची अदलाबदल. म्हणूनच अंकांबरोबर गाव, तालुका आणि जिल्हा यांची नावेही स्पष्ट लिहावी लागतात. अंक चुकला तर नाव सावरते आणि नाव अस्पष्ट असले तर अंक सावरतो.

या योजनेचा आणखी एक गुण काळाच्या ओघात लक्षात आला. नावे बदलतात. धारूरचेच पाहा. १९४८ पर्यंत ते निजामाच्या संस्थानात होते. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. धारूर जागचे हलले नाही. पण त्याच्या पत्त्यातील राज्याचे नाव दोनदा बदलले. शेजारच्या अंबाजोगाईला निजामाच्या काळात मोमिनाबाद म्हणत. अलीकडे औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. पण त्या शहराचा ४३१००१ हा पिनकोड पूर्वी होता तसाच राहिला. नाव बदलले तरी पत्र वाट चुकले नाही.

पिनकोड सुरू झाल्यानंतर थोड्याच काळात वेलणकर सेवेतून निवृत्त झाले. निवृत्तीपूर्वी त्यांनी आणखी एक मोठे कार्य पार पाडले. १९७३ साली नवी दिल्ली येथे इंडिपेक्स नावाचे टपाल तिकिटांचे जागतिक प्रदर्शन भरले होते. देशोदेशींची तिकिटे तेथे मांडली होती. त्या प्रदर्शनाचे अध्यक्षपद वेलणकरांकडे होते. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला त्यांनी टपाल व तार मंडळाचा निरोप घेतला.

निवृत्तीनंतर पुष्कळ माणसे विश्रांती घेतात. वेलणकरांनी आपला सारा वेळ आपल्या आवडत्या संस्कृत भाषेला वाहिला. संस्कृत ही केवळ पोथ्यांत बंद असलेली भाषा नाही, ती आजही बोलता येते, गाता येते आणि रंगभूमीवर आणता येते, असे त्यांचे मत होते. कालिदास, राणी दुर्गावती, छत्रपती शिवाजी महाराज यांच्या जीवनावर त्यांनी संस्कृत नाटके लिहिली. त्यांच्या ग्रंथांची संख्या शंभरावर जाते. संस्कृतच्या प्रसारासाठी त्यांनी मुंबईत देववाणी मंदिरम् ही संस्था स्थापन केली. १९९६ साली संस्कृत सेवेबद्दल राष्ट्रपतींकडून त्यांचा सन्मान झाला. १९९९ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

वेलणकरांच्या या दोन आवडींत वरवर पाहता काही नाते दिसत नाही. पण थोडा विचार केला तर नाते आहे. संस्कृत व्याकरणात थोडक्या अक्षरांच्या सूत्रात मोठा अर्थ साठविलेला असतो आणि प्रत्येक अक्षर आपल्या जागी असावे लागते. पिनकोडही तसाच आहे. सहा अंकांच्या एका लहानशा सूत्रात सारा देश बसविलेला आहे.

आज भारतात दीड लाखाहून अधिक टपाल कार्यालये आहेत आणि त्यांतील दहापैकी सुमारे नऊ खेड्यांत आहेत. पिनकोडांची संख्या एकोणीस हजारांहून अधिक आहे. पत्रे आता कमी झाली. परंतु पिनकोडाचे काम कमी झाले नाही. दुकानातून मागविलेली वस्तू, बँकेचे कागद, परीक्षेचा अर्ज, सरकारी ओळखपत्र, सर्वत्र तो विचारला जातो. टपालासाठी निघालेला हा क्रमांक साऱ्या व्यवहाराचा झाला आहे.

तथापि पिनकोडाने सारेच काम झाले, असे मात्र नाही. तो पत्राला टपाल कार्यालयापर्यंत नेतो, घरापर्यंत नव्हे. शहरात एका पिनकोडात थोडा भाग येतो. खेड्यांकडे एकाच पिनकोडात अनेक गावे, वाड्या, वस्त्या आणि तांडे असतात. तेथून पुढची वाट टपालवाला आपल्या पायांनी आणि आपल्या ओळखीने काढतो. ओढ्यापलीकडची वस्ती कोणाची, एका नावाच्या दोघांपैकी हे पत्र कोणाचे, कोणते घर ऊसतोडीला गेले आहे आणि त्यांची म्हातारी कोणाकडे राहते, हे त्याला ठाऊक असते. टपालवाला बदलला, की ही माहितीही त्याच्याबरोबर जाते. आजारी माणसासाठी बोलाविलेल्या रुग्णवाहिकेला तर अशी ओळख असण्याचा संभवच नसतो. रात्रीच्या अंधारात माळावरची वस्ती शोधीत ती फिरत राहिली, तर तो वेळ कोणाच्या तरी प्राणावर बेततो.

म्हणून टपाल खात्याने २०२५ साली वेलणकरांच्या वाटेवर पुढचे पाऊल टाकले. डिजिपिन नावाच्या नव्या योजनेत साऱ्या देशाच्या नकाशावर सुमारे चार मीटर लांब आणि चार मीटर रुंद अशा चौकटी आखल्या आहेत आणि प्रत्येक चौकटीला अक्षरे व अंक मिळून दहा चिन्हांचा संकेत दिला आहे. त्यामुळे रस्त्याचे नाव नसलेल्या, घराला क्रमांक नसलेल्या शेतातील खोपटालाही स्वतःची खूण मिळू शकते. मोठ्या विभागाकडून लहान विभागाकडे क्रमाक्रमाने जाण्याची जुनी कल्पनाच येथे अधिक बारीक झाली आहे. या नव्या संकेताने जुना पिनकोड रद्द झालेला नाही. तो आपल्या जागी आहेच.

वेलणकरांनी रणांगण गाजविले नाही किंवा राज्य जिंकले नाही. ते सरकारी कचेरीत बसून काम करणारे एक अधिकारी होते. पण समोरच्या कागदामागे कोठेतरी एक माणूस पत्राची वाट पाहत बसलेला आहे, हे ज्याला दिसते, त्याच्या हातून कचेरीतही मोठे काम घडते. आपण पत्त्याच्या शेवटी सहा अंक लिहितो, तेव्हा ते स्वच्छ आणि अचूक लिहावेत. त्या अंकांच्या दुसऱ्या टोकाला डोंगरावरचे एखादे गाव असते आणि त्या गावातील एखाद्या उंबरठ्यावर कोणीतरी वाटेकडे डोळे लावून बसलेले असते.

अभ्यास

१. पत्र उशिरा पोहोचल्यामुळे खेड्यातील माणसांचे कोणते नुकसान होत असे?

२. पिनकोड नव्हता, तेव्हा टपाल कर्मचाऱ्यांना कोणत्या अडचणी येत?

३. आपण पत्ता लिहितो तो क्रम आणि पत्राच्या प्रवासाचा क्रम यांत काय फरक आहे? पिनकोडाने तो कसा दूर केला?

४. गावाचे किंवा राज्याचे नाव बदलले तरी पत्र वाट का चुकत नाही? पाठातील उदाहरण देऊन सांगा.

५. आपल्या गावाचा पिनकोड मिळवा आणि त्यातील अंक काय सांगतात ते लिहा. त्याच पिनकोडात आणखी कोणती गावे किंवा वाड्या येतात, हे टपालवाल्याला विचारून त्यांची यादी करा.